आमची वाटचाल : कातळावरचं शेवाळ ते बाटलीतलं जेल

अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला रत्नागिरीजवळचे कातळ उघडे पडतात आणि सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ हाताला लागतं. मी आणि जाऊबाई टोपल्या घेऊन उतरायचो. गोड्या पाण्यात चारदा धुवायचं, शिजवायचं, गाळायचं आणि चेहऱ्याला लावायचं जेल करायचं. सुरुवातीला ते ओळखीतल्या बायकांनाच वापरून बघायला दिलं.

पहिल्याच पावसाळ्यात 70 बाटल्यांना बुरशी आली. घरोघर जाऊन त्या परत आणल्या. 'नैसर्गिक' म्हणून प्रिझर्वेटिव्ह टाळणं ही माझीच चूक होती. पाणी आणि शेवाळातल्या शर्करा एकत्र आल्या की बुरशीला आणखी काही लागत नाही. आता फिनॉक्सिएथॅनॉल हे प्रिझर्वेटिव्ह 1 टक्क्याच्या आत घालतो आणि सामू (पीएच) 5.5 च्या आसपास ठेवतो.

दुसरा धक्का मोठा होता. तपकिरी शेवाळ समुद्राच्या पाण्यातलं आर्सेनिक स्वतःत साठवतं, हे एका प्राध्यापकांकडून कळलं. शिवाय कातळ खरवडला की त्या आडोशाने वाढणारी माशांची पिल्लं उघडी पडतात. ज्या समुद्रावर घर चालतं, त्याच्याशी हे करवेना. कातळावरची तोड आम्ही बंद केली.

आता तमिळनाडूतल्या मंडपमहून वाळवलेलं कप्पाफायकस येतं. तिथे बायका बांबूच्या तराफ्यांवर हे लाल शेवाळ लावतात. साधारण 45 दिवसांत ते काढणीला येतं. मूळचं ते आपल्याकडचं नाही, आणि मन्नारच्या आखातात प्रवाळांवर पसरल्याची नोंद आहे. म्हणून माल पाल्कच्या उपसागराच्या बाजूच्या शेतीतलाच आहे ना, हे विचारल्याशिवाय पैसे देत नाही. या शेवाळातून निघणारं कॅराजीनन पोटॅशियमच्या क्षारांसोबत छान घट्ट होतं आणि त्वचेवर पातळ थर धरतं, त्यामुळे ओलावा टिकतो.

क्रीमसाठी स्क्वालेन, म्हणजे त्वचा मऊ ठेवणारं तेल लागतं. मुशीच्या (शार्कच्या) यकृतातलं स्वस्त स्क्वालेन घ्या, असं एका व्यापाऱ्याने सुचवलं होतं. आम्ही ऑलिव्हचं घेतो, महाग पडलं तरी.

एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) परवान्यासाठी वेगळी खोली बांधली, त्यात दोघींच्या बांगड्या गेल्या. मग रीतसर विक्री सुरू झाली.

प्रदर्शनात हमखास विचारतात, "ताई, यानं गोरं होता येतं का?" मी सांगते, नाही. कॅराजीननचा रेणू मोठा असतो, तो कातडीच्या आत शिरत नाही, वरच काम करतो. काही जणी बाटली परत ठेवतात. ज्या घेऊन जातात, त्या दोन महिन्यांनी रिकामी बाटली घेऊन पुन्हा येतात.