मोबाइलवर ऑर्गन ऐकू नये

सकाळी स्वीडिश गायिका आणि ऑर्गनवादक आना फॉन हाउसवोल्फचा ‘सेरेमनी’ हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. समीक्षकांनी एवढं डोक्यावर का घेतलं होतं, काही कळेना. चूक माझीच. अल्बमभर चर्चमधला ऑर्गन आहे, म्हणजे नळ्यांत हवा भरून वाजणारं प्रचंड वाद्य. अशा ऑर्गनच्या ३२ फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर जेमतेम १६ हर्ट्झचा. तो कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. बिचारा मोबाइल काय करणार!

रात्री चांगले हेडफोन लावून बसले. अल्बम २०१२चा, ऑर्गन स्वीडनमधल्या योटेबोरी शहराच्या आनेदाल चर्चमधला. पहिल्या तुकड्यात शब्दच नाहीत. ऑर्गन, आणि नळीत हवा भरताना होणारी ती हलकी फुसफुस. पेटीचा भाता ओढताना सूर लागायच्या आधी येते ना, तशीच. तिथे अंगावर काटा आला.

मग परीक्षणं पुन्हा चाळली. जिथे तिथे ब्रिटिश गायिका केट बुश! आवाजात साम्य आहे, नाही असं नाही, पण म्हणून तुलनेतच अर्धा परिच्छेद घालवायचा? वाद्याबद्दल दोन ओळी, त्याही ‘भव्य’ आणि ‘गूढ’ म्हणून उरकलेल्या. खरं तर अल्बमची लय त्या वाद्यानेच ठरवली आहे. सूर चर्चभर घुमून विरेपर्यंत पुढचा घाईने घेताच येत नाही, म्हणून गाणी संथ. काहींना ती लांबलेली वाटली. शेवटाकडे मलाही वाटली, खोटं कशाला बोलू.

उद्या तिचाच २०२०चा ‘ऑल थॉट्स फ्लाय’. त्यात गाणं नाहीच, नुसता ऑर्गन. बघू या, केट बुशचं नाव तिथे कसं घुसवलंय ते!