शॉवर कर्टनवरची बुरशी आणि आमचा ठाण्यातला पावसाळा

जून संपत आला की आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय असतात, एक गळती आणि दुसरा बुरशी. गळतीचं काय ते सोसायटी बघेल, पण बुरशीवर, त्यातही बाथरूमच्या पडद्यावरच्या बुरशीवर मी एवढं लिहिलंय ना तिथे की शेवटी म्हटलं एकदा सगळं नीट एका जागी लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक चिकटवता येईल.

आमचं घर भाड्याचं. बाथरूम असं की कमोड आणि शॉवर यात हाताएवढं अंतर, त्यामुळे मधे पडदा हवाच, नाहीतर एकाची आंघोळ झाली की दुसऱ्याने पँट वर धरून आत जायचं. काचेचं पार्टिशन मालक करून देणार नाहीत आणि भाड्याच्या घरात आपण कशाला करा. मुंबई-ठाण्यातल्या अर्ध्या भाडेकरूंची हीच गत असेल. स्प्रिंगचा रॉड, बारा रिंगा, एक पडदा. खर्च कमी, भोकं पाडायला नकोत, पण जुलै आला की खालच्या काठावर काळे ठिपके हजर.

आता पहिली गोष्ट, पडद्यावर जे दिसतं ते सगळं एकच नसतं. गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर असतो ना, तो बहुतेक वेळा बुरशी नसून बॅक्टेरिया असतात. सेरॅशिया नावाचा एक बॅक्टेरिया त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो साबणाचे अंश, शाम्पू असल्या गोष्टींवर मजेत जगतो आणि ब्रश मारला की लगेच निघतो. काळे ठिपके मात्र खरी बुरशी. आणि तिसरा तो पांढरट चिकट थर, ज्याला आपण सगळे साबणाचा थर म्हणून सोडून देतो. २००४ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या शास्त्रज्ञांनी घरातल्या व्हिनाइल शॉवर कर्टनवरचा हा थर मायक्रोस्कोपखाली बघितला, तर तो जिवंत सूक्ष्मजीवांनी गच्च भरलेला निघाला. म्हणजे काळा ठिपका दिसायच्या कितीतरी आधीपासून पडद्यावर वस्ती झालेली असते, आपण फक्त काळं दिसल्यावर जागे होतो.

माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच आहे. लोक विचारतात कुठला स्प्रे मारू. अहो स्प्रे नंतर, आधी तो थर काढा. बुरशीला ओल लागते आणि खायला लागतं, ओल पावसाळा पुरवतो आणि खाणं आपण पुरवतो, रोज, साबण लावून. त्यात आमच्याकडे टँकरचं पाणी. जड पाणी आणि अंगाचा वडीचा साबण एकत्र आले की पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून तो न विरघळणारा चोथा तयार होतो, तोच पडद्यावर बसतो. बॉडी वॉश वापरणाऱ्यांच्या घरी हा थर कमी बसतो, कारण त्यातला फेस करणारा पदार्थ वेगळा असतो. पण आमच्या घरी वडीशिवाय आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद.

पडद्याचं कापड कुठलं हेही बघा. स्वस्तातले बहुतेक पीव्हीसीचे (म्हणजे व्हिनाइल प्लास्टिकचे), नवीन उघडले की डोकं दुखेल असा वास येतो ते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो, आणि ऑरिओबॅसिडियम नावाची एक काळी बुरशी तर हा प्लास्टिसायझरसुद्धा खाते. म्हणजे साबण नाही मिळाला तरी तिची सोय आहे! ईव्हीए किंवा पीईव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचे पडदे असतात त्यात हे मऊ करणारं द्रव्य लागत नाही, वासही कमी. पॉलिस्टरचा कापडी पडदा मशीनला धुता येतो हा त्याचा मोठा फायदा, फक्त तो पाणी धरून ठेवतो आणि वाळायला वेळ घेतो. मी आता पॉलिस्टरवाला वापरते आणि दोन ठेवलेत, एक लावलेला, एक वाळत.

धुवायचं कसं ते सांगते. पडदा काढा, रिंगा काढा (लोखंडी असतील तर ब्लीचने गंजतात). बाथरूमच्या जमिनीवर किंवा बाल्कनीत पसरा. कोमट पाणी, कपडे धुवायची पावडर आणि थोडा धुण्याचा सोडा, याने दोन्ही बाजू ब्रशने घासायच्या. खायचा सोडा नाही, धुण्याचा. खायचा सोडा घासायला ठीक आहे पण साबणाचा जुना चिकटा काढायला धुण्याचा सोडा जास्त जोरदार, हातमोजे मात्र घाला. पीव्हीसीला गीझरचं कढत पाणी नको, तो मऊ पडून वेडावाकडा होतो. खालच्या काठाची दुमडलेली शिवण असते ना तिथे जुना टूथब्रश घ्या, कारण सगळी घाण त्या शिवणीत साठते, पाणीही तिथेच राहतं. या एवढ्यानेच निम्मं काम होतं आणि गुलाबी प्रकार तर पूर्ण जातो.

पांढरे क्षारांचे डाग राहिले तर साधं व्हाइट व्हिनेगर, तेवढंच पाणी घालून, अर्धा तास ठेवायचं आणि धुवायचं. क्षार विरघळवायला ॲसिडच लागतं, तिथे साबणाचं काही चालत नाही.

एवढं करूनही काळे डाग राहतातच. कारण बुरशीचा तो काळा रंग मेलॅनिनचा असतो, बुरशी मेली तरी रंग तसाच राहतो. व्हिनेगरने बुरशी गेली पण डाग गेला नाही म्हणून लोक वैतागतात, ते यामुळे. डाग फिका करायला ब्लीच. एक भाग ब्लीच, दहा-पंधरा भाग गार पाणी, दहा-पंधरा मिनिटं आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. गरम पाण्यात ब्लीच घालू नका, ताकद जाते आणि वाफ नाकात जाते. वर्षभर सिंकखाली पडलेल्या बाटलीतलं ब्लीचही कमजोर झालेलं असतं, तारीख बघा. पॉलिस्टरला एवढं पातळ ब्लीच चालतं, पण रंगीत छापील पडदा असेल तर आधी कोपऱ्यात लावून बघा. रंग जायची भीती असेल तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, जरा सौम्य काम करतं, पण तेही कोपऱ्यात लावून बघूनच.

आता इथे थांबून एक गोष्ट मोठ्याने सांगायची आहे. आमच्या मावशी कामाला येतात त्यांचं प्रत्येक डागावर एकच औषध, "ताई, ॲसिड आणा, दोन मिनिटांत जातंय बघा." ॲसिड म्हणजे टॉयलेट साफ करायचं, हायड्रोक्लोरिक. ब्लीच टाकलेलं असताना त्यावर हे ॲसिड पडलं की क्लोरीन गॅस निघतो, आणि आपली बाथरूमं केवढी, खिडकी केवढी! श्वास कोंडून माणूस हॉस्पिटलात जाऊ शकतो. व्हिनेगर आणि ब्लीचचंही तेच, आणि अमोनिया असलेल्या काच पुसायच्या लिक्विडबरोबर ब्लीच मिसळलं तर वेगळा पण तितकाच विषारी वायू. इंटरनेटवर "व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही टाका, डबल इफेक्ट" असले व्हिडिओ फिरतात, ते करू नका म्हणजे नकाच. व्हिनेगर एक दिवस, ब्लीच दुसऱ्या दिवशी, मधे खळखळून धुतलेलं. मावशींना मी हे समजावलं तर त्या म्हणाल्या, "मंग आधीच्या घरात माझा जीव घाबरा व्हायचा तो याच्यानंच का काय!" असेलही. आता त्या निदान दार उघडं ठेवून काम करतात.

घरात दमेकरी असेल तर कोरडी बुरशी घासू नका, आधी ओली करा, नाहीतर बीजाणू हवेत उडतात. मास्क तर आता सगळ्यांकडे पडलेलेच आहेत.

मशीनमध्ये पॉलिस्टरचा पडदा बिनधास्त टाका, जेंटलवर, सोबत एक-दोन जुने टॉवेल, ते घासून काढायचं काम करतात. प्लास्टिकचा पडदा मात्र स्पिनला लावू नका. पाणी आत घडीत अडकतं आणि मशीन असं थडथडतं की खालच्या मजल्यावरचे वर येतात.

परत येऊ नये म्हणून काय, हा खरा प्रश्न. परदेशी वेबसाइट सांगतात खिडकी उघडा, बाहेरची कोरडी हवा आत येऊ द्या. जुलैत ठाण्यात बाहेरची हवा कोरडी? बाहेरच आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के, आणि बुरशीला सत्तरच्या वर गेलं की पुरे होतं. त्यात आमच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथून हवा कमी आणि शेजाऱ्यांच्या फोडणीचा वास जास्त येतो. त्यामुळे आपल्याकडे हवा कोरडी करण्यापेक्षा हवा हलती ठेवणं आणि पडद्यावर पाणीच न ठेवणं एवढंच आपल्या हातात.

म्हणून आंघोळ झाली की पडदा झटकायचा, खालचा काठ हाताने निपटून घ्यायचा, आणि मग तो पूर्ण पसरून ठेवायचा. गोळा करून भिंतीशी ढकलला की घड्या एकमेकींना चिकटतात आणि मधलं पाणी दिवसभर तसंच. दिसायला पडदा बाजूला केलेला छान वाटतो, मान्य, पण बुरशीलाही तेच छान वाटतं. दुसरं, पडदा जमिनीला टेकू द्यायचा नाही. रॉड वर सरकवा, चार बोटं तरी अंतर हवं. प्लास्टिकचा पडदा लांब असेल तर मी खालची शिवणच कात्रीने कापून टाकते, प्लास्टिकला धागे सुटत नाहीत, आणि शिवणच नाही तर पाणी साठणार कुठे. घरच्यांना ते कुरतडल्यासारखं दिसतं म्हणे. दिसू दे.

एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं चालू ठेवायचा, पण दार घट्ट लावून नाही. हवा बाहेर फेकायची तर कुठून तरी आत यायला हवी ना, दाराखाली फट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. आमच्याकडे दार अर्धं उघडं आणि बेडरूमचा सीलिंग फॅन चालू, याने सगळ्यात जास्त फरक पडला. आणि बाथरूममध्ये ओले टॉवेल, अंडरवेअर, मोजे वाळत घालणं बंद करा. पावसात कपडे कुठे वाळवायचे हा प्रश्न सगळ्यांनाच आहे, आमच्याकडेही हॉलमध्ये स्टँड आणि त्यावर अख्खं घर लटकलेलं असतं, पण कपड्यातलं पाणी शेवटी हवेतच जातं, ते निदान छोट्या बंद बाथरूममध्ये तरी जायला नको.

पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी पडदा बदलते, बाकी वर्षभर महिन्याने. पातळ व्हिनेगरचा स्प्रे रोज मारा असं खूप जण सांगतात, मी नाही मारत, झटकून पसरलं तर त्याची गरज पडत नाही. अँटीफंगल म्हणून महाग विकले जाणारे पडदेही मला फारसे पटत नाहीत. कोटिंग कितीही चांगलं असलं तरी वरून साबणाचा थर बसला की बुरशी त्या थरावर वाढणार, खाली कोटिंग असो नसो.

फेकायचा कधी? शिवणीच्या आतून काळा झाला, किंवा धुऊन कडक वाळवल्यावरही कुबट वास येतोय, तर सोडून द्या. तीनचारशे रुपयांच्या पडद्यासाठी दीडशेचं ब्लीच आणि एक रविवार घालवण्यात अर्थ नाही.

आणि हो, ग्रुपवर दर वर्षी कोणीतरी लिहितंच की काचेचं पार्टिशन लावा, कटकट संपेल. माझ्या नणंदेकडे आहे. काच चकचकीत आहे, रोज वायपर मारतात. खालच्या रबरी पट्टीत मात्र तीच काळी बुरशी, आणि ती पट्टी काही काढून मशीनमध्ये टाकता येत नाही.