जवाचं धिरडं आणि रानातली ब्लोबेर : चौथी खेप

व्हायकिंगांकडे, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्द्यांकडे, होत्या तेवढ्याच जिन्नसांत धिरडं करून बघतोय. रविवारी ओस्लोच्या वरच्या अंगाला, नूरमार्काच्या जंगलातून दीड लिटरचा डबा भरून ब्लोबेर (ब्लूबेरीची इथली रानटी बहीण) वेचून आणली. दुकानातली जाडी ब्लूबेरी ती ही नव्हे. ती अमेरिकन, तिचं लागवडीचं पीक १९१६ साली न्यू जर्सीत पहिल्यांदा बाजारात आलं, आणि आतून पांढरट. ही इवलीशी, पण फोडली की आतपर्यंत जांभळी. माझी बोटं अजून तशीच आहेत, ऑफिसात लपवत फिरतोय.

व्हायकिंगांनी लिहून ठेवलेली एकही पाककृती आपल्या हाती नाही. कबरींत लांब दांड्याचे लोखंडी तवे सापडलेत, इंग्लंडमधल्या यॉर्कला, कॉपरगेट इथल्या व्हायकिंग वस्तीच्या उत्खननात रानफळांच्या बिया मिळाल्यात. तेव्हा 'अस्सल' वगैरे मी म्हणणार नाही. नियम एकच: त्यांच्याकडे नव्हतं ते घालायचं नाही. म्हणजे साखर नाही, व्हॅनिला नाही, सोडा नाही.

पहिल्या खेपेला मी सोड्याची चिमूट टाकलीच होती. धिरडं फुगलं झकास, पण प्रत्येक फळाभोवती हिरवट करडं वर्तुळ, बुरशी धरल्यासारखं. ब्लोबेरीचा रंग आंबटात लालसर राहतो, सोड्यात निळा-हिरवा होतो. दुसऱ्या खेपेला सोडा काढला, पीठ नुसत्या दुधात कालवलं, तर उलटताना चार तुकडे. जवात चिकटपणा बेताचाच. तिसऱ्या खेपेला आईची युक्ती वापरली, तवा अर्ध्या कांद्याने पुसून घेतला. कांदा व्हायकिंगांकडेही होता, त्यामुळे नियम मोडला नाही. धिरडं सुटलं सुरेख, पण मधाबरोबर कांद्याचा वास!

या खेपेला २०० ग्रॅम जवाचं पीठ ३५० मिली आंबट दुधात (इथलं कुल्तुरमेल्क, आपल्या दाट ताकासारखं) रात्रभर भिजवलं. सकाळी दोन अंडी, मीठ. बिडाच्या तव्यावर लोणी, आच मंद, धिरडी तळहाताएवढीच. फळं पिठात कालवली नाहीत. पीठ ओतल्यावर वरून पेरली आणि कड सुटेपर्यंत कालथा लावलाच नाही. उलटल्यावर फळं चुरचुरली, रस लोण्यात उतरला आणि खालची बाजू गडद लाल झाली. बारापैकी दोनच फाटली.

पुढच्या वेळी पाव हिस्सा ओटचं पीठ घालून बघतो. आणि मध निम्मा. या खेपेला फळांचा आंबटपणा पार झाकला गेला.