अडीचशे किलोमीटरवरचा हुरडा

पहाटे साडेचारला पुणं सोडलं, तेव्हा गाडीत आम्ही तिघी होतो आणि खायला बरोबर काहीही नव्हतं. हुरड्याला जाताना पोट रिकामं हवं, अशी मैत्रिणीची सक्त ताकीद होती. तिच्या मामांचं शेत मंगळवेढ्याच्या पलीकडं. सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णी, तिथून पंढरपूर आणि पुढं आणखी पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे एका खाण्यासाठी जाऊन-येऊन पाचशेच्या आसपास.

इतक्या लांब जायचं कारण मागच्या वर्षी घडलं होतं. शहराजवळच्या एका ठिकाणी आम्ही हुरडा पार्टीला गेलो होतो. झोपाळे, बैलगाडीची फेरी, मिसळ, भजी, पावभाजी, सगळं होतं. हुरडा मात्र पानात पडला तो फ्रीजरमधून काढून तव्यावर गरम केलेला. दाणे हिरवे दिसत होते, पण चावताना आत पिठूळ लागत होते. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. जी गोष्ट शेतातच खायची असते, ती शेताबाहेर आणून आम्हाला दिली होती आणि आम्हीही ती मुकाट्यानं खाल्ली होती.

इंदापूर, टेंभुर्णीपर्यंत दोन्ही अंगांना ऊसच ऊस. उजनी धरणाच्या पाण्यावरचा. डिसेंबर असल्यानं तोडणी जोरात होती आणि ट्रॅक्टरच्या लांबलचक ट्रॉल्यांमागं आम्ही कितीतरी वेळ रांगत होतो. पंढरपूरला भीमा ओलांडली. मंगळवेढा जवळ आलं तशी काळी, सपाट रानं सुरू झाली. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. वाऱ्यानं सगळं शिवार एकाच बाजूला कलायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं.

मामा बांधावरच उभे होते. चहापाण्याच्या आधी त्यांनी आम्हाला रानात नेलं आणि मातीत हात घालायला लावला. वरून भेगा पडलेल्या, पण वीतभर खाली माती गार लागत होती. "ह्या ओलीवर पीक उभं हाय," मामा म्हणाले. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि पुढं काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलाव्यावर ज्वारी काढायची. या रानाला त्यांनी पेरल्यापासून एकही पाणी दिलं नव्हतं. मघाचा ऊस आठवून मी गप्पच झाले. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात हे ऐकून होते. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या नावाचा अर्थ त्या गार मातीनं मला सांगितला.

मामांच्या रानात बहुतेक मालदांडी जातीची ज्वारी. हुरड्यासाठी मात्र त्यांनी कडेच्या चार ओळी गूळभेंडीच्या लावल्या होत्या. तिचा दाणा टपोरा आणि गोड असतो, शिवाय कणसातून सहज सुटतो. मामा कणीस हातात घेऊन एक दाणा नखानं दाबायचे. पांढरं दूध आलं की म्हणायचे, "अजून दोन दिस." दाणा दबला, पण फुटला नाही, की कणीस खुडायचं. दाण्यात साखर भरलेली असते ती एवढेच दिवस; पुढं तिचा स्टार्च होत जातो आणि हुरड्याची ज्वारी होते. ज्वारीच्या एका ताटाला आठ-दहा दिवस मिळतात म्हणा. खुडल्यावर तर तासांचाच हिशेब.

आगटी आधीच पेटवलेली होती. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचे निखारे, त्यांत कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस मामा तळहातावर घेऊन चोळायचे, सुपात टाकायचे, मामी दोन झटक्यांत कोंडा उडवायच्या आणि वाफाळता हुरडा आमच्या पुढ्यात. सोबत उखळात कुटलेली शेंगांची चटणी, गूळ आणि दही. बस्स. पहिल्या घासाला मी डोळे मिटले. धूर, दूध, किंचित गवताचा वास आणि मग गोडवा. मागच्या वर्षी आपण काय खाल्लं होतं, हा प्रश्नच उरला नाही. यासाठी पाचशे किलोमीटर यावं. पुन्हा यावं. ज्याला आपल्याकडं येताच येत नाही, त्याच्याकडं आपणच जायला हवं.

मामींना मात्र हे पटेना. हात चोळून काळे झालेले, ते पदराला पुसत त्या म्हणाल्या, "अगं, एवढं पेट्रोल जाळून हुरड्याला आला व्हय? मग तुमच्याकडं काय पिकतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी पुण्यात जन्मले, वाढले. भाजी मंडईतून येते, धान्य दुकानातून. मी काहीतरी पुटपुटले आणि पुढचा घास घेतला.

त्या रात्री आम्ही राहिलो. जेवायला साधंच करते, असं मामींनी आधीच सांगून टाकलं. सांजेला त्यांनी हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून आणले होते, पानांवर सुटणाऱ्या आंबट आंबीनं बोटं चिकट झालेली. त्याची लसणीवर परतलेली भाजी, आमटी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि चुलीवरची भाकरी. सकाळीच दळून आणलेलं पीठ. ते जुनं झालं की भाकरी थापतानाच चिरते, म्हणून त्या आठवड्यापुरतंच दळतात. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि मग जाळापुढं उभी केली. ती टम्म फुगली. पापुद्रा काढून मामींनी त्यावर तेल-चटणी घातली आणि माझ्या हातावर ठेवली. सकाळच्या हुरड्याचे मी पन्नास फोटो काढले होते. भाकरीचा एकही काढला नाही. फोन कुठं ठेवलाय तेच आठवत नव्हतं.

सकाळी निघताना दामाजीपंतांच्या देवळात जाऊन आलो. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, ही कथा लहानपणी आजीकडून ऐकलेली. ज्या गावच्या संताची गोष्टच धान्याची आहे, त्या गावातून मामांनी दिलेली पाच किलो ज्वारी घेऊन आम्ही परतीला लागलो.

मामींचा प्रश्न मात्र गाडीतून उतरला नाही. आठवड्याभरानं मी वडगाव मावळला गेले, घरापासून तासाभराच्या अंतरावर. भातकापणी होऊन खाचरं मोकळी झाली होती. इंद्रायणी तांदूळ मी वर्षानुवर्षं खाते. तो इथल्याच भात संशोधन केंद्रात तयार झाला, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. एका शेतकरी ताईंकडून नवा तांदूळ घेतला. रात्री त्याचा मऊ भात, वर तूप-मीठ. नवा तांदूळ, त्यामुळं चिकटच झाला, आणि वास साऱ्या घरात.

लगेच मामींना फोन केला. "मामी, आमच्याकडं इंद्रायणी पिकतो."

"बरं झालं बाई, कळलं एकदाचं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "लई वास असतो म्हणं त्याला. आम्ही आलो तर घालशील का जेवायला?"