तुम्ही विचारलंत म्हणून: टॉक्सो तर टॉक्सो, त्याचे प्रकार कशाला मोजायचे?

मी पुण्यात प्राण्यांचे आजार तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते हे कळलं की लोक पहिलं घरच्या मांजराबद्दल विचारतात आणि मग हमखास हे, की टॉक्सोप्लाझ्माची (म्हणजे टॉक्सो, मांजरांमार्फत पसरणारा सूक्ष्म परजीवी) जगभर एकच प्रजाती आहे ना, मग रानातल्या प्राण्यांतून त्याचा डीएनए काढत कशाला बसता?

तर हा परजीवी उंदीर, शेळी, कोंबडी, माणूस कुणातही मुक्काम ठोकतो, पण त्याचं नर-मादीचं मीलन होतं फक्त मांजरकुळातल्या प्राण्याच्या आतड्यात. प्रजाती एकच असली तरी तिच्यात डीएनएने वेगळे प्रकार आहेत. मांजरीने एकाच प्रकाराची लागण झालेला उंदीर खाल्ला तर पुढची पिढी म्हणजे नुसती झेरॉक्स. दोन वेगळे प्रकार एकदम पोटात गेले तरच सरमिसळ, आणि लागण एकदा होऊन गेली की मांजर बहुतेक वेळा विष्ठेतून परजीवीची अंडी परत टाकत नाही, त्यामुळे चान्स कमीच. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत पाळीव प्राण्यांत मुख्यतः तीनच प्रकार (टाइप १, २ आणि ३), दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत मात्र नुसता गोंधळ.

फरक पडतो का? पडतो की! टाइप १ चा एकच परजीवी टोचला तरी लॅबमधला उंदीर मरतो, टाइप २ बऱ्याचदा पचवून टाकतो. धडधाकट माणसाला टॉक्सो झालेला एरवी कळतही नाही, पण दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात जंगली प्रकारांनी अशाच माणसांची फुप्फुसं बिघडवून त्यांना आयसीयूत पोचवलंय. रक्तातल्या अँटीबॉडीच्या नेहमीच्या चाचण्या लागण झाली एवढंच सांगतात, प्रकार सांगत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं (ऑटर, मांजरकुळातली नव्हेत) मरत होती, त्यांच्यातला प्रकार 2019 मध्ये जवळपासच्याच जमिनीवरच्या रानमांजरांशी आणि भटक्या मांजरांशी जुळला, म्हणजे विष्ठा पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात. डीएनए नसता तर हा माग लागला असता का?

आपल्या जुन्नरकडे बघा ना, उसात बिबट्या, ऊसतोडीत वाघाटीची (छोट्या रानमांजराची) पिल्लं सापडतात आणि त्याच बांधावर वस्तीवरची मांजरं उंदीर मारत हिंडतात. सरमिसळीला याहून सोयीची जागा कुठली! म्हणून मला तिथले नमुने हवेसे वाटतात, पण बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मधला, परवानगीशिवाय मेलेल्यालाही हात लावता येत नाही, ते बरोबरच आहे म्हणा.

आणि हो, घरात कुणी गरोदर असेल तर (टॉक्सो पोटातल्या बाळाला बाधू शकतो) मांजर सोडून देऊ नका, शीचा ट्रे दुसऱ्याने रोज साफ करा (अंडी लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो) आणि मटण नीट शिजवा.