पूल टेबलवरचा दिवा: किती उंच, किती आत आणि टांगायचा कुठे

घरात पूल टेबल आलं की दिवा शेवटी आठवतो. मग दुकानातून तीन काचेच्या टोप्यांचा झुंबरवजा दिवा येतो, पंख्याच्या हुकाला लटकतो, आणि कडेच्या चेंडूंना दोन-दोन, तीन-तीन सावल्या पडायला लागतात. दिवा दिसायला कसा आहे हे सगळ्यात शेवटी बघावं. आधी तो कापडापासून किती उंच आणि कुशनपासून (टेबलच्या कडेच्या रबरी पट्टीपासून) किती आत, हे ठरवावं.

जागतिक पूल संघटनेच्या नियमात कापडावर आणि रेल्सवर (कुशन बसवलेल्या कडांवर) प्रत्येक ठिकाणी किमान ५२० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड मागितला आहे. दिवा बाजूला सरकवता येत असेल तर तो टेबलच्या पृष्ठभागापासून किमान ४० इंच वर, सरकवता येत नसेल तर ६५ इंच वर. घरात ६५ इंच जमत नाही आणि गरजही नाही. टेबल जमिनीपासून साधारण ३० इंच, त्यावर ४० इंच, म्हणजे दिव्याची खालची कड जमिनीपासून ५ फूट १० इंचांवर. दहा फुटी स्लॅबला हे छान बसतं. ३६ इंचांपर्यंत खाली आणलं तरी चालतं, पण त्याखाली नको. ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा फटका मारताना क्यूचं (खेळायच्या काठीचं) टोक वर उसळतं आणि पहिला तडाखा दिव्यालाच बसतो.

आता आकार. आठ फुटी टेबलचं खेळायचं कापड ४४ बाय ८८ इंच. दिवा त्याहून मोठा असावा असं अनेकांना वाटतं, तिथेच चूक होते. कुशनचं नाक कापडावर थोडं पुढे झुकलेलं असतं. उजेड टेबलच्या बाहेरून आला तर त्या नाकाची सावली कडेकडेने काळ्या रेघेसारखी पडते आणि कुशनला चिकटलेला चेंडू नेमका तिथेच असतो. उलट दिवा एकटा मधोमध असेल तर कोपऱ्यातली पॉकेट्स अंधारात जातात आणि चेंडूंच्या सावल्या बाहेर लांब पसरतात. मधला मार्ग म्हणजे पोकळ आयताकृती चौकट. कापडाच्या रुंदीतून २० इंच आणि लांबीतून १६ इंच वजा करा. आठ फुटी टेबलला २ बाय ६ फुटांची चौकट येते, नऊ फुटीला (५० बाय १०० इंच) ३० बाय ८४ इंचांची, सात फुटीला (३९ बाय ७८ इंच) १९ बाय ६२ इंचांची.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती असलेल्या आमच्या नाशिकमध्ये ॲल्युमिनियम प्रोफाइल कापून, कोपरे ४५ अंशांत जोडून देणारा फॅब्रिकेटर शोधायला लांब जावं लागत नाही. त्याला सांगायचं ते एवढंच: बाहेरच्या कडेला दोन इंच खाली येणारी उभी पट्टी ठेव आणि एलईडी तिच्या एक इंच आत बसव. या मापाने उजेड रेल्सपर्यंत पुरता पोहोचतो आणि उभ्या माणसाला जवळच्या बाजूची एलईडी पट्टी डोळ्यांत खुपत नाही. समोरच्या बाजूची पट्टी मात्र दिसतेच, म्हणून डिफ्यूझर (एलईडीवरचं झाकण) दुधी घ्यावा. पारदर्शक घेतला तर एलईडीचे ठिपके चकचकीत चेंडूंवर मोत्यांच्या माळेसारखे उमटतात, आणि नेम धरताना नजर तिकडेच जाते.

दोन बाय सहाच्या चौकटीला सुमारे ४.८ मीटर एलईडी पट्टी लागते. मीटरला १५ वॅटची, २४ व्होल्टची घ्या. एकूण ७२ वॅट होतात. एसएमपीएस (घरची वीज २४ व्होल्टची करून देणारा डबा) मात्र १०० वॅटचा हवा. काठोकाठ क्षमतेचा घेतला तर नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तो तापून आधी मान टाकतो. वीजपुरवठा पट्टीच्या दोन्ही टोकांना जोडा. एकाच टोकाला दिला तर दुसऱ्या टोकाकडे व्होल्टेज उतरतं आणि टेबलची एक बाजू मंद दिसते. एसएमपीएस चौकटीत कोंबू नका. स्टुलावर चढून हात पोहोचेल अशा जागी, हवा खेळेल असा ठेवा, कारण पावसाळ्यात वीज कडाडली की पहिला बळी त्याचाच जातो आणि तो बदलावा लागतो. बजेट कमी असेल तर चार फुटी २० वॅटच्या चार बॅटन, लांब बाजूंना दोन-दोन, हेही काम देतात. त्या रेषा कापडाच्या लांबीपेक्षा किंचित मोठ्या होतात आणि उघड्या बॅटनचा झगमगाट जास्त असतो, पण उजेड भरपूर मिळतो.

उजेडाच्या रंगाकडे लोक दुर्लक्ष करतात. तो केल्विनमध्ये सांगतात. इथल्या दुकानात काही न सांगता मागितलं तर ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा हातात पडतो. त्यात कापड फिकट दिसतं आणि डोळे लवकर थकतात. ३००० केल्विनच्या पिवळट उजेडात १ नंबरचा पिवळा आणि ५ नंबरचा नारिंगी जवळजवळ येतात. ४००० केल्विन मागा, आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त. सीआरआय कमी असला की ३ नंबरचा लाल आणि ७ नंबरचा मरून ओळखताना अडखळायला होतं, आणि लांबून ४ नंबरचा जांभळा ८ नंबरच्या काळ्यासारखा वाटतो. पैसे वाचवायचे असतील तर चौकटीत वाचवा, पट्टीत नको.

विकत घेण्याआधी पट्टी लावून तिच्याखाली क्यू झपाझप हलवून बघा. एकाऐवजी तुटक तुटक क्यू दिसल्या तर उजेड थरथरतो आहे. वेगात जाणारा चेंडूही तसाच तुटक दिसेल. स्वस्त ड्रायव्हर आणि स्वस्त डिमर हीच याची नेहमीची कारणं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही असं होऊ शकतं, तेव्हा वीज गेल्यावरही एकदा तपासा.

टांगणीचं काम टेबल जागेवर बसून लेव्हल झाल्यावर, पण कापड चढण्याआधी करावं. स्लॅबला भोक पाडताना पडणारी सिमेंटची भुकटी कापडात शिरली की ब्रशने पूर्ण निघत नाही. कापड आधीच असेल तर वर जाड ताडपत्री टाका, आणि काही झालं तरी टेबलवर उभे राहू नका. कापडाखालच्या स्लेटचे (दगडी फरशीचे) सांधे हलतात.

समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पॉकेट्समध्ये दोरे ताणा. ते छेदतात तो टेबलचा मध्य. छतावरून ओळंबा सोडून त्याचं टोक त्या बिंदूवर आणा आणि छतावर खूण करा. खोलीचा मध्य आणि टेबलचा मध्य बहुधा एक नसतो, आणि पंख्याचा हुक खोलीच्या मध्यावर असतो. त्यामुळे हुकाचा मोह टाळा. मध्याच्या खुणेपासून मोजून, चौकटीच्या चार कोपऱ्यांच्या थोड्या बाहेर, चार खुणा करून ८ मिमीच्या बिटने २५ मिमी खोल भोकं पाडा, त्यात एम-६चे ड्रॉप-इन अँकर (ठोकल्यावर आत फुगून घट्ट बसणाऱ्या धातूच्या नळ्या) ठोका. प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू छताला वापरू नका. भिंतीत ती धरते, पण इथे भार सरळ खाली ओढतो आणि ती हळूहळू सुटते. पंख्याच्या डबीपासून स्विचबोर्डच्या भिंतीकडे जाणारी सरळ रेषा टाळा, स्लॅबमधला पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो. त्या खोलीच्या दिव्या-पंख्यांचा एमसीबी पाडूनच ड्रिल चालवा. फॉल्स सीलिंग असेल तर जिप्समला भार देऊ नका, वायररोप त्यातून आरपार स्लॅबपर्यंत न्या. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी अँगलला टांगा, पत्र्याला नाही.

दोन मिमीची स्टील वायररोप आणि उंची बदलता येणारे ग्रिपर घ्या. रोप सरळ खाली न सोडता वर जाताना थोड्या बाहेर पसरवा, म्हणजे वाऱ्याने चौकट झुलत नाही. पंखा ठेवायचाच असेल तर १२०० मिमीच्या पात्यांचं टोक मध्यापासून २४ इंचांवर येतं आणि चौकटीचे रोप लांबीकडे ३६ इंचांवर, म्हणजे फूटभर मोकळी जागा राहते. हे गणित पंखा टेबलच्या मध्यावर असेल तरच खरं. सरकलेला असेल तर पुन्हा मोजा. दोन बाजूंच्या भिंतींवर पंखे लावून मधला काढून टाकणं मला जास्त पटतं. पंख्यापेक्षा वर लावलेली ट्यूब पेटलेली असेल तर मधल्या पंख्याची पाती कापडावर सावल्या फिरवत राहतात.

वायर तीन कोअरची, १ चौरस मिमीची. चौकट धातूची आहे, तिला अर्थिंग द्याच. दिव्याला स्वतंत्र स्विच ठेवा आणि खेळताना बाकीचे दिवे मालवा.

शेवटी लक्समीटर घेऊन चार कोपरे, दोन मधली पॉकेट्स, टेबलचा मध्य, हेड स्पॉट (ब्रेक मारायच्या बाजूची खूण) आणि फूट स्पॉट (चेंडू रचायच्या बाजूची खूण) अशा नऊ जागी मोजा. फोनचं ॲप आकडा अचूक देत नाही, पण दोन जागांतला फरक बरोबर दाखवतं. कोपरे मध्यापेक्षा फार कमी आले तर चौकट दोन इंच वर घ्या. एकाच बाजूला कमी आलं तर चौकट तिरकी आहे, ग्रिपर फिरवून समतल करा. पहिल्या पावसानंतर पंखांचे किडे दिव्यावर झेपावतात आणि पांढरे पडलेले पंख कापडावर सांडतात, म्हणून चौकटीची वरची बाजू आधी पुसा आणि टेबलला ब्रश नंतर मारा.