एच-इंडेक्सच्या रकान्यात काय लिहू?

बढतीच्या अर्जात तीन छोटे रकाने होते: एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन्स (म्हणजे निबंध किती वेळा उद्धृत झाले), एच-इंडेक्स. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं, सहा आठवडे लागले.

पहिल्याच दिवशी सायटेशन्स मोजणाऱ्या तीन संकेतस्थळांवर तीन आकडे मिळाले. गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स १७, स्कोपसवर ११, वेब ऑफ सायन्सवर १०. व्याख्या एकच, होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली मांडलेली: ज्याचे १७ पेपर प्रत्येकी किमान १७ वेळा उद्धृत झालेत, त्याचा एच-इंडेक्स १७. पण गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या निबंधांमधली) सायटेशन्सही धरतं, तर बाकी दोन ठिकाणी निवडक प्रकाशनंच मोजली जातात.

तरी सहाची तफावत मला पटेना. शोधत गेले तेव्हा कळलं, स्कोपसच्या लेखी मी दोन वेगळ्या व्यक्ती होते. लग्नाआधीच्या आडनावाचे ९ पेपर एका खात्यात, नंतरचे २२ दुसऱ्या. त्या २२ मधले ३ तर माझे नव्हतेच, माझंच आडनाव आणि आद्याक्षर असलेल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचे होते. पीएचडीची पाच वर्षं मी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या पातळ कापांमधल्या एकेका चेतापेशीला काचेची पिपेट टेकवत काढली होती. ती सगळी वर्षं दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर पडून आहेत, हे पाहून त्या संध्याकाळी मला खरंच रडू आलं.

दुरुस्ती अवघड नाही, चिकाटीची आहे. आधी माझ्या ऑर्किड क्रमांकाखाली, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळख क्रमांकाखाली, दोन्ही आडनावं नोंदवली आणि प्रत्येक पेपर त्याचा डीओआय हा ओळख क्रमांक टाकून जोडला. हा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून मिळतो, मी तो कधीच काढून ठेवला होता आणि रिकामा सोडला होता. विद्यार्थ्यांना कळकळीनं सांगते, पहिला पेपर पाठवतानाच तो भरायला घ्या. मग स्कोपसकडे खाती एकत्र करण्याची आणि परके पेपर काढण्याची विनंती केली. त्या बाईंनाही कळवलं, कारण माझ्याकडे आलेले ते ३ त्यांच्याकडे कमी पडत असणार. खाती जुळल्यावर २८ पेपर आणि एच-इंडेक्स १४ झाला. स्वतःचीच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळून पाहिलं, तर १३.

"प्रत्येक पेपरपुढे नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहा, समिती तेच बघते," विभागातले एक ज्येष्ठ सर म्हणाले. त्यांचा सल्ला मी मानला नाही. तो आकडा नियतकालिकाची सरासरी सांगतो, मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन्स मिळाली याची. त्यातला माझा पेपर कसा आहे, हे त्यात कुठेच नसतं. संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात हेच बजावलेलं आहे.

खरा पेच आकडे स्वच्छ झाल्यावर पडला. माझ्या सुमारे ११०० सायटेशन्सपैकी ४१० एकाच पेपरची आहेत आणि तो आधीच्या संशोधनाचा आढावा आहे, त्यात माझा एकही नवा प्रयोग नाही. आणि ज्या कामाचा मला सर्वांत अभिमान वाटतो, त्याला ६. चेतासंधीच्या, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडाच्या, ताकदीत होणारा एक बदल कापांमध्ये खोलीच्या तापमानाला ठळक दिसायचा. ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाजवळ, तो दिसेनासा होतो, हे आम्ही दोन वर्षं पुन्हापुन्हा तपासून दाखवलं. 'परिणाम आढळला नाही' असा निष्कर्ष फारसा कोणी उद्धृत करत नाही.

तुलनेसाठी एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट या संकेतस्थळावर पाहिलं. तिथलं गुणोत्तर पेपरला त्याच्याच क्षेत्राशी ताडतं. मेंदूच्या प्रतिमांवर काम करणारे आणि एकेका पेशीवर काम करणारे एकाच मापानं मोजले जात नाहीत, म्हणून ते मला न्याय्य वाटतं. त्यात १ म्हणजे एनआयएचच्या निधीतून झालेल्या पेपरांपैकी बरोबर मधल्या पेपरइतका प्रभाव. आढाव्याला ४.१, तापमानाच्या पेपरला ०.४.

मग तापमानाचा पेपर उद्धृत करणारे ते सहाही पेपर उघडून वाचले. दोघांनी प्रस्तावनेत नुसता उल्लेख केला होता. चौघांनी मात्र पद्धतीच्या भागात लिहिलं होतं की, आमचा निष्कर्ष पाहून त्यांनी प्रयोग ३२ ते ३४ अंशांना केले.

एच-इंडेक्सच्या रकान्यात मी लिहिलं: '१४, स्कोपस', आणि पुढे पाहिल्याची तारीख. मागे एक जादा पान जोडलं. त्यावर त्या चार प्रयोगशाळांच्या पद्धतीतली चार वाक्यं, जशीच्या तशी.